चार कवड्या घेऊन यादृच्छिक चलांचा सराव

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात द्विपद, पॉयसाँ आणि प्रसामान्य ही तीन वितरणे शिकवली जातात, त्यांची सूत्रे पाठही होतात, आणि तरीही शाब्दिक उदाहरण समोर आले की पुष्कळ विद्यार्थ्यांची लेखणी पहिल्याच ओळीवर अडते. माझ्या अनुभवात ही अडचण सूत्राची क्वचितच असते. उदाहरणातील यादृच्छिक चल कोणता, तो कोणकोणत्या किमती घेऊ शकतो आणि त्या किमती कोणत्या प्रयोगातून निर्माण होतात, हे शब्दांत न लिहिता थेट आकडेमोडीला हात घातला जातो आणि तिथेच वाट चुकते. पुढील सरावक्रम ही पहिली ओळ पक्की व्हावी यासाठी रचला आहे. त्यासाठी चार कवड्या, एक वही आणि साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. कवड्या मिळाल्या नाहीत तर मधोमध फोडलेले चिंचोके घ्यावेत; त्यांची एक बाजू पांढरी आणि दुसरी तपकिरी असल्याने तेही काम तितकेच चांगले करतात.

लेखात संभाव्यतेसाठी ‘सं’, यादृच्छिक चलांसाठी ‘क्ष’ आणि ‘य’, प्रयत्नांच्या संख्येसाठी ‘न’ आणि एका प्रयत्नातील यशाच्या संभाव्यतेसाठी ‘प’ ही अक्षरे वापरली आहेत.

पहिली पायरी: एक फेक, दोन चल

चार कवड्यांनी खेळायच्या पटाच्या एका प्रचलित प्रकारात दान असे मोजतात: जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके दान, पण चारही पालथ्या पडल्या तर आठ. या एका नियमात यादृच्छिक चलाची सगळी संकल्पना सामावलेली आहे, म्हणून इथे घाई करू नये.

प्रथम प्रत्येक कवडीवर शाईने एक ते चार आकडे घाला आणि होऊ शकणारी सर्व फलिते वहीत लिहून काढा. प्रत्येक कवडी दोन प्रकारे पडू शकते, म्हणून फलिते १६ होतील. ती हाताने लिहिण्याचा कंटाळा करू नका, कारण ‘उताण्या कवड्यांची संख्या शून्य ते चार, म्हणजे पाच शक्यता, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता एक पंचमांश’ ही चूक सोळा ओळी लिहिलेल्या विद्यार्थ्याकडून सहसा होत नाही. समसंभाव्य असतात ती सोळा फलिते, आणि तीही कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता समान धरली तरच. सध्या तसे धरू या.

आता त्या सोळा ओळींसमोर दोन रकाने आखा. पहिल्यात क्ष, म्हणजे उताण्या कवड्यांची संख्या. दुसऱ्यात य, म्हणजे पडलेले दान. प्रयोग एकच, फलिते तीच, परंतु चल दोन. यादृच्छिक चल म्हणजे फलिताला संख्या नेमून देणारा नियम, ही व्याख्या पुस्तकात कोरडी वाटते. या दोन रकान्यांत ती डोळ्यांसमोर उभी राहते. रकाने मोजून पुढील दोन वितरणे मिळतात.

क्ष = ०, १, २, ३, ४ यांची संभाव्यता अनुक्रमे १/१६, ४/१६, ६/१६, ४/१६, १/१६.
य = १, २, ३, ४, ८ यांची संभाव्यता अनुक्रमे ४/१६, ६/१६, ४/१६, १/१६, १/१६.

कोणतेही वितरण लिहून झाले की त्याची बेरीज एक होते का, हे लगेच पाहायचे. ही सवय इतकी अंगवळणी पडली पाहिजे की बेरीज न करता पुढची ओळ लिहिताना चुकल्यासारखे वाटावे.

अपेक्षित मूल्य काढण्यासाठी प्रत्येक किंमत तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज करायची. क्षचे अपेक्षित मूल्य २ येते. यसाठी (४ + १२ + १२ + ४ + ८) / १६ = ४०/१६ = २.५. अडीच दान कधीच पडत नाही आणि तरी उत्तर बरोबर आहे, कारण अपेक्षित मूल्य हे पुढच्या फेकीचे भाकीत नसून पुष्कळ फेकींची सरासरी ज्याच्या जवळ जाते ती संख्या आहे.

प्रचरणासाठी, म्हणजे किमती अपेक्षित मूल्याभोवती किती पसरल्या आहेत ते मोजण्यासाठी, किमतींच्या वर्गांचे अपेक्षित मूल्य काढून त्यातून अपेक्षित मूल्याचा वर्ग वजा करायचा. यच्या बाबतीत वर्गांचे अपेक्षित मूल्य (४ + २४ + ३६ + १६ + ६४) / १६ = ९ आणि प्रचरण ९ − ६.२५ = २.७५ येते, प्रमाण विचलन, म्हणजे प्रचरणाचे वर्गमूळ, सुमारे १.६६. क्षचे प्रचरण मात्र फक्त १ आहे. सोळांपैकी एकाच फलिताची किंमत शून्यावरून आठवर गेली आणि प्रचरण पावणेतीनपट झाले. दूरची एखादीच किंमत प्रचरणाला किती ओढते, हे यातून समजते. प्रचरण कधी ऋण आले तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा वर्ग करायचे विसरलेले असते, किंवा संभाव्यतांचाच वर्ग झालेला असतो.

दुसरी पायरी: फेकून पाहा, मग मोजा

आतापर्यंत आपण कवडी नाण्यासारखी धरली. खरी कवडी एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला चपटी असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंवर सारख्याच वेळा पडेल असे मानण्यास काही आधार नाही. म्हणून चारही कवड्या ५० वेळा फेका आणि प्रत्येक फेकीची क्ष आणि य ही दोन्ही मूल्ये नोंदवा. हे काम अर्ध्या तासापेक्षा कमी वेळात होते. एकूण २०० कवड्यांपैकी किती उताण्या पडल्या, त्या प्रमाणाला पचा अंदाज माना.

हा अंदाज किती विश्वासार्ह आहे? २०० प्रयत्नांतून काढलेल्या प्रमाणाचे प्रमाण विचलन, म्हणजे प × (१ − प) / २०० याचे वर्गमूळ, जास्तीत जास्त ०.०३५ असते. त्यामुळे तुम्हाला ०.४३ मिळाले आणि शेजाऱ्याला ०.३९, तर कवड्या वेगळ्या आहेत असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. इतका फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो.

तिसरी पायरी: द्विपद वितरण वापरण्याआधी चार प्रश्न

द्विपद वितरण हे न प्रयत्नांतील यशांच्या संख्येचे वितरण आहे. त्याचे सूत्र लावण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहा. प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली आहे का? प्रत्येक प्रयत्नाची फलिते दोनच आहेत का? प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? यशाची संभाव्यता प्रत्येक प्रयत्नात तीच आहे का? चारही उत्तरे ‘होय’ असतील तरच पुढे जावे.

समजा आपल्या कवड्यांसाठी प = ०.४ आहे. क्षचे वितरण मग असे येते: शून्यासाठी ०.६ चा चौथा घात म्हणजे ०.१२९६, एकासाठी ०.३४५६, दोनासाठीही ०.३४५६, तिनासाठी ०.१५३६, चारासाठी ०.०२५६. बेरीज १. अपेक्षित मूल्य ४ × ०.४ = १.६ आणि प्रचरण ४ × ०.४ × ०.६ = ०.९६.

आता दानाचे अपेक्षित मूल्य काढा. पुन्हा सगळी सारणी मांडण्याची गरज नाही: य आणि क्ष फक्त ‘चारही पालथ्या’ या फलितापाशी वेगळे आहेत, म्हणून यचे अपेक्षित मूल्य = क्षचे अपेक्षित मूल्य + ८ × सं(क्ष = ०) = १.६ + १.०३६८ = २.६३६८. कवडी उताणी पडण्याची शक्यता घटली आणि सरासरी दान मात्र अडीचवरून वाढले. प = ०.६ घेऊन पाहा: २.४ + ०.२०४८ = २.६०४८, म्हणजे तेही अडीचपेक्षा जास्तच. ज्यांना विकलन येते त्यांनी ४प + ८ × (१ − प) चा चौथा घात या राशीचे किमान मूल्य शोधावे; ते नेमके प = १/२ पाशी मिळते. या खेळात कवडी जितकी समतोल, तितके सरासरी दान कमी, हे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा फार आनंद झाला होता. वाचकाने हे गणित माझ्या शब्दावर न सोडता स्वतः करून पाहावे.

चौथ्या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी कवड्या बदला. दोन कवड्यांसाठी प = ०.३ आणि उरलेल्या दोहोंसाठी प = ०.५ असेल तर क्षचे अपेक्षित मूल्य १.६ च राहते, पण प्रचरण २ × ०.२१ + २ × ०.२५ = ०.९२ होते, ०.९६ नव्हे. सरासरी जुळली म्हणून वितरण जुळत नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी आंब्यांची करंडी घेऊ. करंडीत २० आंबे असून त्यांतले ५ नासके आहेत आणि आपण न पाहता ४ आंबे उचलतो. एकही नासका न येण्याची संभाव्यता १५ पैकी ४ निवडण्याचे १३६५ प्रकार भागिले २० पैकी ४ निवडण्याचे ४८४५ प्रकार, म्हणजे ०.२८१७. द्विपद सूत्राने ०.७५ चा चौथा घात, म्हणजे ०.३१६४ येते, आणि ते इथे चूक आहे, कारण उचललेला आंबा परत ठेवलेला नाही आणि प्रत्येक उचलीनंतर उरलेल्यांचे प्रमाण बदलते. हेच आंबे २००० आणि नासके ५०० असते तर दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी आली असती. उदाहरणात ‘परत न ठेवता’ हे शब्द दिसले की समूह केवढा आहे ते आधी पाहा.

चौथी पायरी: शब्दांचे असमानतेत रूपांतर

मराठीत वाचलेले उदाहरण चिन्हांत उतरवताना होणाऱ्या चुका एका पानात सुधारता येतात. ‘किमान ३’ आणि ‘३ किंवा अधिक’ म्हणजे ३, ४, ५ आणि पुढे. ‘३ पेक्षा जास्त’ म्हणजे ४ पासून पुढे. ‘जास्तीत जास्त ३’ आणि ‘३ पेक्षा जास्त नाही’ म्हणजे ०, १, २, ३. ‘३ पेक्षा कमी’ म्हणजे ०, १, २. खंडित चलासाठी, म्हणजे ज्याच्या किमती सुट्या मोजता येतात त्या चलासाठी, या टोकाच्या एका किमतीने उत्तर बदलते, म्हणून सूत्राआधी त्या किमतींची यादीच लिहावी. चिन्ह उलटे पडू शकते, यादी सहसा उलटी पडत नाही.

‘किमान एक’ आले की पूरक घटना, म्हणजे ‘एकही नाही’, घ्यायची आणि तिची संभाव्यता एकातून वजा करायची. याचे जुने उदाहरण सतराव्या शतकातील फ्रान्समधल्या फाशांच्या पैजांचे आहे. एक फासा चार वेळा टाकून किमान एक सहा पडण्याची संभाव्यता १ − (५/६ चा चौथा घात) = ०.५१७७; दोन फासे चोवीस वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर सहा पडण्याची संभाव्यता १ − (३५/३६ चा चोविसावा घात) = ०.४९१४. सहांपैकी एकाला चार फेकी, तर छत्तीसपैकी एकाला चोवीस, असे त्रैराशिक मांडले तर दोन्ही पैजा सारख्या वाटतात. प्रत्यक्षात एक फायद्याची आणि दुसरी तोट्याची आहे. संभाव्यतेत त्रैराशिक चालत नाही हे ज्याला पटत नसेल त्याने ही दोन उत्तरे हाताने काढावीत.

पाचवी पायरी: पॉयसाँ वितरण खऱ्या नोंदींवर

ठरावीक काळात क्वचित घडणाऱ्या घटनांच्या संख्येसाठी पॉयसाँ वितरण वापरतात. त्याचा सराव कल्पित आकड्यांवर करण्यापेक्षा एका प्रसिद्ध नोंदीवर करावा असे माझे ठाम मत आहे. लाडिस्लाउस बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांची आकडेवारी प्रसिद्ध केली. तिच्यातील १० तुकड्या आणि २० वर्षे, म्हणजे २०० नोंदी, अभ्यासासाठी वापरल्या जातात. त्या अशा आहेत: १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार.

पहिले काम मध्य, म्हणजे सरासरी, काढण्याचे. ६५ + ४४ + ९ + ४ = १२२ मृत्यू, म्हणून मध्य १२२ / २०० = ०.६१. दुसरे काम प्रचरणाचे. वर्गांची बेरीज ६५ + ८८ + २७ + १६ = १९६, म्हणून प्रचरण ०.९८ − ०.३७२१ = ०.६०७९. पॉयसाँ वितरणात मध्य आणि प्रचरण समान असतात, आणि इथे ते दोन दशांश स्थळांपर्यंत जुळतात. सूत्राला हात लावण्याआधी ही तुलना करावी; प्रचरण मध्याच्या कितीतरी पट असेल तर घटना एकमेकींना ओढून आणत आहेत किंवा मध्य सर्व ठिकाणी सारखा नाही, असा संशय घ्यावा.

तिसरे काम अपेक्षित वारंवारता काढण्याचे. ऑयलरच्या २.७१८२८ या स्थिरांकाचा उणे ०.६१ वा घात ०.५४३४ आहे, ही शून्य मृत्यूंची संभाव्यता. पुढच्या संभाव्यतांसाठी दर वेळी घात आणि क्रमगुणित काढत बसू नये. आधीची संभाव्यता मध्याने गुणून नव्या किमतीने भागली की पुढची मिळते: ०.५४३४ × ०.६१ / १ = ०.३३१४, त्याला ०.६१ ने गुणून २ ने भागले की ०.१०११, आणि तसेच पुढे. २०० ने गुणल्यावर शून्य, एक, दोन, तीन मृत्यूंसाठी अनुक्रमे १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि चार किंवा अधिकसाठी ०.७ मिळतात. प्रत्यक्ष नोंदी १०९, ६५, २२, ३, १ शेजारी लिहून पाहा. कोणत्या वर्षी कोणता घोडा लाथ मारेल हे कुणीच सांगू शकत नव्हते, आणि दोनशे नोंदींचा आकार मात्र एकाच संख्येवरून इतक्या जवळून सांगता येतो. विषय आवडू लागण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सहावी पायरी: अखंडित चल आणि प्रसामान्य सारणी

अखंडित चलाच्या, म्हणजे वेळेसारखी मधली कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या चलाच्या, बाबतीत एका नेमक्या किमतीची संभाव्यता शून्य असते आणि संभाव्यता म्हणजे वक्राखालचे क्षेत्रफळ. सुरुवात एकसमान वितरणाने करावी, कारण तिथे क्षेत्रफळ म्हणजे साधा आयत. बस दर २० मिनिटांनी सुटते आणि आपण वेळ न पाहता थांब्यावर गेलो असे धरले, तर १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागण्याची संभाव्यता ५/२०, म्हणजे ०.२५. दहा मिनिटे थांबून झाली असतील तर हीच संभाव्यता ५/१०, म्हणजे ०.५ होते. दोन्ही आयत काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रसामान्य वितरणात मात्र क्षेत्रफळ सारणीतून घ्यावे लागते, आणि सारण्या दोन प्रकारच्या छापल्या जातात. त्या झेड मूल्यावरून पाहतात; किमतीतून मध्य वजा करून प्रमाण विचलनाने भागले की झेड मूल्य मिळते. एकीत झेड मूल्य १.९० समोर ०.४७१३ असते, म्हणजे शून्यापासूनचे क्षेत्रफळ, दुसरीत ०.९७१३, म्हणजे डाव्या टोकापासूनचे. सारणी हातात आली की झेड मूल्य शून्यासमोर काय लिहिले आहे ते आधी पाहा: ०.०००० असेल तर पहिला प्रकार, ०.५००० असेल तर दुसरा. त्यानंतर प्रत्येक उदाहरणात घंटेच्या आकाराचा वक्र काढून हवा तो भाग पेन्सिलीने भरावा. भरलेला भाग अर्ध्याहून लहान दिसतो आणि उत्तर ०.९७ येते, तेव्हा चूक चित्रातच पकडली जाते.

द्विपद वितरणाऐवजी प्रसामान्य वितरण वापरताना सातत्य दुरुस्ती करावी लागते. समतोल नाणे १०० वेळा उडवून किमान ६० छापे पडण्याची संभाव्यता काढू. मध्य ५०, प्रमाण विचलन ५. दुरुस्ती न करता झेड मूल्य २ आणि उत्तर ०.०२२८ येते. पूर्णांक ६० हा ५९.५ ते ६०.५ या पट्ट्याने दाखवला जातो, म्हणून ५९.५ पासून मोजले तर झेड मूल्य १.९ आणि उत्तर ०.०२८७ येते. द्विपद सूत्राने काढलेले नेमके उत्तर ०.०२८४ आहे. अर्ध्या एककाने केवढा फरक पडला ते दिसते.

सातवी पायरी: पुन्हा आपल्याच वहीकडे

आता ५० फेकींची ती वही उघडा आणि सर्व दानांची बेरीज करा. समतोल कवड्यांसाठी या बेरजेचे अपेक्षित मूल्य ५० × २.५ = १२५. प्रचरण ५० × २.७५ = १३७.५ आणि प्रमाण विचलन सुमारे ११.७. इथे पुष्कळ जण २.७५ ला ५० च्या वर्गाने गुणतात. एकच दान पन्नासपट करणे आणि पन्नास स्वतंत्र दाने मिळवणे यांत फरक आहे: पहिल्यात प्रचरण २५०० पट होते, दुसऱ्यात ५० पट, कारण स्वतंत्र फेकींतील चढउतार एकमेकांना काही प्रमाणात भरून काढतात.

बेरीज साधारण १०२ ते १४८ यांच्या बाहेर गेली तर कवड्या समतोल असण्याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. परंतु ती आत राहिली म्हणून कवड्या समतोल ठरल्या का? प = ०.४ असता बेरजेचे अपेक्षित मूल्य सुमारे १३१.८ आहे, म्हणजे १२५ पासून अवघ्या ०.६ प्रमाण विचलनाइतके दूर. दानांच्या बेरजेवरून हा असमतोल बहुधा लक्षातही येणार नाही. त्याच वहीतील उताण्या कवड्यांची एकूण संख्या घ्या. समतोल कवड्यांसाठी तिचा मध्य १०० आणि प्रमाण विचलन ७.०७; प = ०.४ असता मध्य ८०, म्हणजे २.८ प्रमाण विचलनांइतका दूर. फेकी त्याच ५० आणि कवड्या त्याच चार असूनही जो असमतोल य जवळजवळ लपवतो तो क्ष उघड करतो. तुमच्या नोंदींसाठी दोन्ही झेड मूल्ये काढा, आणि ती वेगळी आली तर त्याचे कारण पहिल्या पायरीतील दोन रकान्यांत शोधा.